लाल दिव्याची गाडी

१ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे निघाले. लाल दिव्याची गाडी ही चीज तेव्हापासून देशातून नाहीशी झाली असा माझा समज होता. मग एका सकाळी कराडहून चिपळूणला निघताना मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि तशी एक गाडी अजून शिल्लक असून ती माझ्याच दारात उभी आहे हे लक्षात आलं. फरक एवढाच, की मंत्र्यांचा दिवा टपावर असे आणि तो बघून लोक रस्त्याच्या कडेला होत. माझा दिवा आत, स्टिअरिंगच्या मागे. तो बघून मलाच कडेला व्हावं लागतं.

गाडी २००८ सालची. डिझेल, फोर बाय फोर. एका ठेकेदाराकडून सेकंडहॅन्ड घेतलेली. गावाकडच्या शेतापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात रस्ता राहत नाही, चिखलणी केलेलं खाचर होतो, म्हणून फोर बाय फोरच हवी, असं मी घरात पटवून दिलं होतं. गेल्या सहा वर्षांत फोर बाय फोरचा तो छोटा दांडा मी तीनदा टाकला. पैकी एकदा चुकून. अशा गाडीच्या मालकाला आपली गाडी रणगाड्याच्या खालोखाल आहे असं वाटत असतं. पण चार चाकांचा जोर चिखलातून निघायला कामी येतो, थांबायला नाही. थांबायच्या वेळी माझी गाडी आणि शेजाऱ्यांची लहानशी हॅचबॅक सारख्याच गरीब. उलट माझी जड, म्हणून जास्तच गरीब.

"अहो, ते लाल काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"ते असतंच," मी म्हणालो.

जुन्या गाडीच्या मालकाचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावतं. नवी गाडीवाला खुट्ट झालं की सर्व्हिस सेंटरला फोन करतो. जुनी गाडीवाला म्हणतो, ते असतंच. मागच्या दाराचा आवाज असतोच. वायपर अर्ध्यात थांबतो, असतंच. डाव्या काचेला बाहेरून हात द्यावा लागतो, असतंच. आमच्या गाडीत तर जांभ्याचा एक चिरा कायमचा असतो, चिपळूणहून आणलेला. हॅन्डब्रेक चौदा टिचक्या ओढला तरी उतारावर गाडी हळूच सरकते, म्हणून चाकाखाली लावायला. पाहुणे विचारतात, "गाडीत दगड कशाला?" मी सांगतो, "असतोच." पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, पासिंग करून, गाडीला पुढची पाच वर्षं मिळवून आणली होती. सरकारने पाच वर्षं दिली म्हणजे गाडीची तब्येत ठणठणीत, असं मी धरून चाललो होतो.

आता हा दिवा. गोल, त्यात उद्गारवाचक चिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. मला वाटायचं गाडी एखाद्या नवकवीसारखी कंसात उद्गार काढते आहे. पुढे कळलं, की ते वर्तुळ म्हणजे चाकातला ड्रम आणि ते कंस म्हणजे ब्रेकचे शू. चिन्ह काढणाऱ्याने ब्रेकचा नकाशाच काढून ठेवलाय, पण तो बघून ब्रेक आठवतो फक्त मिस्त्रीला.

या दिव्याची खरी गोम अशी, की तो एकट्याचा नाही. चाळीत पूर्वी सगळ्यांत मिळून एक फोन असायचा, पी.पी. नंबर. घंटा वाजली की फोन कुणासाठी आहे ते उचलल्याशिवाय कळत नसे. पुण्याहून मुलगी झाल्याची बातमी असेल, नाहीतर तळमजल्यावरच्या जोश्यांचा गॅस आलेला असेल. हा लाल दिवा म्हणजे तसला फोन आहे. हॅन्डब्रेक ओढलेला असला की तो लागतो. ब्रेक ऑइल कमी झालं की तोच लागतो. काही डिझेल गाड्यांत बूस्टरचा व्हॅक्यूम पडला की तोच. मागच्या आणि पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी जी ईबीडी नावाची व्यवस्था असते, ती बिघडली तरी तोच. घंटा एक, बिऱ्हाडं चार. आणि आपण मात्र एकच प्रश्न विचारत बसतो: हा विझवायचा कसा?

सल्लागारांची वाण पडली नाही. मेव्हणा म्हणाला, "सेन्सर गेला असणार." पूर्वी मूल रडायला लागलं की नजर लागली म्हणत, आता गाडी रडायला लागली की सेन्सर गेला म्हणतात. कोणता, कुठला, हे विचारायचं नसतं. शेजारचे काका म्हणाले, "बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा, सगळं रिसेट होतं." मी काढली आणि लावली. घड्याळ रिसेट झालं, रेडिओची सगळी स्टेशनं गेली, दिवा होता तिथेच होता.

शेवटी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चिंचेच्या झाडाखाली एक पत्र्याची शेड आणि झाडाखालीच घोड्यांवर चढवलेली, मालकांनी आशा सोडलेली दोन-तीन वाहनं. मिस्त्रींनी दिव्याकडे बघितलं, हॅन्डब्रेकचा दांडा हाताने खाली दाबला. दिवा विझला. सोडला, लागला.

"सायेब, स्विच हाय. दांडा पुरता खाली बसंना, म्हनून त्याला वाटतंय तुमी ब्रेक वडलाय."

दांड्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढ्या टोकाचा एक स्विच असतो. दांडा खाली बसला की ते टोक दाबलं जातं आणि दिवा विझतो. आमच्या स्विचभोवती सोळा वर्षांची धूळ, शेंगदाण्याची टरफलं आणि एक रुपयाचं नाणं निघालं. मिस्त्रींनी स्विच पुसला, वाकलेली पट्टी सरळ केली, जाताजाता केबल आवळून हॅन्डब्रेक चौदा टिचक्यांवरून सातवर आणला. "पैसे ऱ्हाऊ द्या, चा पाजा," म्हणाले. मी घरी येऊन जाहीर केलं की जगात विनाकारण घाबरणारे लोक फार आहेत.

पुढच्या शनिवारी कुंभार्ली घाट. हेळवाक मागे टाकून उताराला लागलो आणि पहिल्याच डाव्या वळणावर लाल दिवा लागला. वळण संपलं, विझला. उजव्या वळणावर नाही, डाव्या वळणावर परत. बायको प्रत्येक डाव्या वळणाआधी दाराचा दांडा धरून म्हणायची, "लागला." पोफळीला उतरेपर्यंत दिव्याने गाडीपेक्षा जास्त वळणं घेतली. आता यात गूढ काही नव्हतं. ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता असतो, त्याच्या पोटात लोहचुंबक. ऑइल खाली गेलं की तरंगता खाली येतो, चुंबक बुडातला स्विच जोडतो, दिवा लागतो. पातळी काठावर असेल तर वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि तरंगता क्षणभर खाली टेकतो. ताकातला लोण्याचा गोळा भांडं कलतं केल्यावर जसा बाजूला जाऊन बसतो, तसाच. वळणावर किंवा उतारावर लुकलुकणारा दिवा बहुतेक वेळा ऑइलची पातळी सांगत असतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर बायकोसमोर घाट उतरताना सांगून छाप पाडता आली असती.

चिपळूणला पेट्रोल पंपाशेजारच्या एका पोराने डबीत ऑइल ओतलं. दिवा विझला. मी त्याला जास्तीचे वीस रुपये दिले. ती माझी चूक होती, वीस रुपये नव्हे, ऑइल.

कारण बंद डबीतलं ब्रेक ऑइल उगाच कमी होत नाही. ते डिझेलसारखं जळत नाही. कमी होतं म्हणजे एकतर गळतं, नाहीतर पॅड झिजतात. पॅड झिजले की पिस्टन तेवढा पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि डबीतली पातळी खाली येते. म्हणजे डबी कमी झाली हा पॅडचा निरोप होता. मी निरोप्याला चहा पाजून परत पाठवला.

दुसरी गोष्ट ऑइलचीच. त्याला आपण ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचं ते द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. श्रावणात कोकणात बरणीतलं मीठ जसं पाझरतं, पापड जसे सादळतात, तसं ब्रेक ऑइल सादळतं. पापड सादळला तर निदान तोंडात कळतं. ऑइल सादळलेलं कळतं ते घाट उतरताना. डॉट ३ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. सादळल्यावरची किमान अट १४० अंशांवर येते. डॉट ४ ची ताजी अट २३०, सादळलेली १५५. आणि लांब उतारावर ब्रेक सतत दाबत गेलं तर डिस्क याहून कितीतरी जास्त तापतात. ऑइल नळीत उकळलं की वाफ होते.

आता पास्कल आठवा. नववी-दहावीला ज्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न असायचा तोच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याने सतराव्या शतकात सांगितलं. आपल्या पायाचा जोर चार चाकांपर्यंत जातो तो याच नियमावर. पण नियम द्रवाचा आहे. वाफ दाबली की दबते, आणि आपला पाय पेडलसकट फळीला टेकतो. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात, चढायला जो गियर, उतरायला तोच. आमच्या गाडीतलं ऑइल मी बदलल्याचं मला आठवत नव्हतं. सहा वर्षं गाडी माझी, त्याआधीची ठेकेदाराची. ठेकेदाराने काही बदललं असेल असं त्याच्या एकूण बांधकामावरून वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. मिस्त्रींनी चाक काढलं, पॅड बोटांत धरून दाखवला. वर दोन मिलिमीटर माल उरला होता, खाली पत्रा. "सायेब, ह्यो पापडय की पॅड?" म्हणाले. नवे पॅड घालायला त्यांनी पिस्टन मागे दाबले, आणि चिपळूणच्या पोराने काठोकाठ भरलेली डबी उतू गेली. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटच्या आत तळहाताएवढा रंग त्याच दिवशी फुगून आला. ते ठिगळ अजून आहे, माझ्या वीस रुपयांची पावती म्हणून. मग सगळं जुनं ऑइल काढलं. काळ्या चहाच्या रंगाचं होतं ते. नवं डॉट ४ भरलं, मिस्त्रींचा पोऱ्या आत बसून "दाबू का, सोडू का" करत राहिला, चारी चाकांची हवा काढून झाली. ब्रेक असा लागायला लागला की पहिल्याच चौकात मी, माझी गाडी आणि मागच्या सीटवरची आंब्याची पेटी, तिघं वेगवेगळ्या वेळी थांबलो.

दिवा? होता की. लाल, टवटवीत.

इथे मिस्त्रींनी हात टेकले आणि वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणजे पंचविशीचा पोरगा, कानाला हेडफोन, हातात टेस्ट लॅम्प. लाल दिव्याच्या वायरला कुठे अर्थिंग होतंय का बघायला त्याने मीटर उघडला. काच काढली, आकड्यांची तबकडी वर उचलली, आणि थांबला. मग कानातला एक हेडफोन काढला. एक हेडफोन काढणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"काका, हे तुम्ही लावलंय?"

तबकडीच्या मागे, एका छोट्या खिडकीवर, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा होता. नीट कापलेला, चारी कोपरे चेपून बसवलेला. ज्याने कुणी लावला त्याने ते काम मन लावून केलं होतं. पोराने नखाने टेप सोलला, किल्ली फिरवली. लाल दिव्याच्या शेजारी पिवळा दिवा लागला. त्यावर इंग्रजी तीन अक्षरं: एबीएस.

म्हणजे एक दिवा घालवायला गेलो आणि दोन घेऊन आलो. सहा वर्षं ही गाडी पिवळा दिवा लावून मला काहीतरी सांगत होती आणि कुणीतरी तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. आणि मी मेव्हण्याला अभिमानाने सांगायचो, "गाडी घेतल्यापासून लाल सोडून एकही दिवा लागलेला नाही."

त्या रात्री बायकोने डॅशबोर्डच्या खणातून गाडीचं पुस्तक काढलं. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच उघडलं जात होतं. तोवर ते खणात शिर्डीच्या अंगाऱ्याच्या पुड्या सरळ राहाव्यात म्हणून होतं. तिने बोट ठेवून वाचलं: लाल दिवा एकटा लागला तर थांबा, ऑइल बघा. पिवळा एकटा लागला तर साधे ब्रेक शाबूत आहेत, चाक अडकू न देणारी सोय तेवढी बंद आहे, जपून गॅरेज गाठा. दोन्ही एकत्र लागले तर ब्रेकचा जोर वाटणारी व्यवस्थाही बंद असू शकते, गाडी चालवू नका.

"आपण तर दोन्ही लावून घाट उतरलो," ती म्हणाली.

"एकच दिसत होता ना," मी म्हणालो. बोलून झाल्यावर माझं मलाच ते वाक्य आवडलं नाही.

लाल दिव्याचं कोडं दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच सोडवलं, आणि तेही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने. डबीवर दोनदा टकटक केलं, दिवा विझला. एका मिनिटाने पुन्हा लागला. मग त्यांनी डबीचा कपलर उपटला, दिवा कायमचा गेला. पोराला म्हणाले, "वायरिंग बरोबर हाय, फ्लोटच बुडतोय." सोळा वर्षं त्या द्रवात राहून तरंगत्याने तेच पिऊन घेतलं होतं, जड झाला होता, आणि डबी भरलेली असतानाही बुडाशी जाऊन बसत होता. ऑइल पुरेसं, पॅड नवे, स्विच साफ, आणि तरी दिवा, कारण खबर देणाराच बुडाला होता. नव्या तरंगत्यासकट डबी कराडात मिळाली नाही, पुण्याहून मागवली. ती बसवली त्या दिवशी लाल दिवा खराखुरा विझला.

आता पिवळा. सोयीसाठी मी आधी एका मोठ्या, काचेच्या गॅरेजात गेलो, जिथे कॉफी फुकट मिळते. तिथल्या माणसाने लॅपटॉप जोडला, मान हलवली आणि अख्खं एबीएस मॉड्यूल बदलायचा आकडा सांगितला. आकडा ऐकून मला कळलं की कॉफी फुकट का असते. मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो. महाराष्ट्रात हे वाक्य पुरुषाने उच्चारलं की ते कायमचं "नाही" असतं.

एबीएसचं काम तसं साधं आहे. प्रत्येक चाकाशी एक दातेरी कडं फिरतं आणि त्याच्या शेजारी एक सेन्सर बसून दात मोजत असतो. एखाद्या चाकाची मोजणी एकदम थांबली, म्हणजे ते चाक अडकून घसरतंय, तर त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावायचा, सेकंदात अनेकदा. बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली हे आणलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींत ते सक्तीचं झालं. पण हे सगळं उभं असतं चार मोजणाऱ्यांवर. एकाने जरी मोजणी बंद केली तरी डोकं म्हणतं, मला खात्री नाही, मी बाजूला होतो, आणि पिवळा दिवा लावून गप्प बसतं. सरकारी फायलीसारखंच, एक सही नसली की अख्खी फाईल थांबते.

वायरमन पोराचा स्कॅनर इंजिनाशी गप्पा मारत होता, पण एबीएसची आणि त्याची बोलीच जुळेना. तेव्हा त्याने जुना मार्ग काढला. डॅशबोर्डाखालच्या कपलरमध्ये दोन घरांत एक वायरचा तुकडा घातला आणि म्हणाला, "आता दिवा मिचकावेल. मोजा." जुन्या गाड्यांत ही सोय असते. दिवा डोळे मिचकावून आकडा सांगतो, थोडं थांबतो, दुसरा आकडा सांगतो. मी आणि बायको पुढच्या सीटवर बसून एका पिवळ्या दिव्याकडे एकटक बघत होतो. लग्नाच्या सप्तपदीनंतर आम्ही दोघांनी मिळून एवढ्या गांभीर्याने काही मोजलं नव्हतं.

"तीन आणि एक," मी म्हणालो.

"तीन आणि दोन," ती म्हणाली.

पुस्तकाप्रमाणे तीन-एक म्हणजे पुढचं उजवं चाक, तीन-दोन म्हणजे पुढचं डावं. मी गाडीचा मालक, शिवाय बँकेत तीस वर्षं नोटा मोजलेल्या. उजवं चाक उघडलं. पोराने मल्टिमीटर लावला, सेन्सरचा रोध हजार ओहमच्या थोडा वर, हाताने चाक फिरवलं की मीटरवर चिमूटभर करंट. सगळं जिथल्या तिथे. अर्धा तास गेला. बायको काही बोलली नाही. ती गाडीच्या पलीकडे गेली आणि डाव्या चाकाजवळ उभी राहिली.

डावं उघडलं. मीटर लावला, रोध बरोबर. मी विजयाने वर बघितलं. पोराने स्टिअरिंग एका बाजूला वळवायला सांगितलं आणि सेन्सरची वायर बोटाने हलवली. मीटरवरचा आकडा उडून गेला. हलवली, आला. हलवली, गेला. वायर सेन्सरपासून वीतभर अंतरावर आतल्या आत तुटली होती, वरचं रबर साबूत. तिथे वायर धरून ठेवायला क्लिप असते, म्हणजे चाक वळलं तरी वायरला पीळ पडत नाही. क्लिप नव्हती. कधीतरी सस्पेन्शनचं काम करताना कुणी ती काढली आणि तिच्या जागी वायर सुतळीने बांधून ठेवली. सुतळी झिजली, वायर लोंबली, चाकाच्या प्रत्येक वळणाबरोबर वाकत राहिली आणि एका दिवशी आत तुटली. मग दिवा लागला, आणि दिव्याला टेप लागला. वायरला सुतळी, दिव्याला टेप. त्या टेपचे चेपलेले कोपरे आठवले आणि मला वाटलं, एवढी मेहनत घेतली, तर क्लिपच का नाही लावली माणसाने?

सेन्सर नवा घातला. जुना हबमध्ये असा गंजून बसला होता की तीन तुकड्यांत निघाला. मिस्त्रींनी गंज खरवडला, नवी क्लिप ठोकली. शेताच्या वाटेवर ओल्या गवतात मी गाडी ताशी तीसच्या वेगाने नेऊन कचकन ब्रेक दाबला. पेडल पायाखाली खडखडलं. बायको दचकून म्हणाली, "मोडलं का आता?" सहा वर्षांत पहिल्यांदाच ते चालत होतं.

सगळा हिशोब असा झाला. हॅन्डब्रेकचा स्विच: एक चहा. चिपळूणचं ऑइल: ऑइलचे पैसे, वर वीस रुपये आणि तळहातभर रंग. पॅड, नवं ऑइल, डबी, सेन्सर आणि मजुरी मिळून जे झालं ते त्या काचेच्या गॅरेजच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यातही भरलं नाही. आणि मुळात दोष होता दोन इंच तांब्याच्या वायरीचा आणि एका बुडालेल्या तरंगत्याचा. जांभ्याचा चिरा आता अंगणात तुळशीपाशी असतो.

वाचकहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी एक करा. किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवर धोक्याचे सगळे दिवे एकदम लागले पाहिजेत. दिवे शाबूत आहेत की नाहीत हे गाडी तेव्हा स्वतःच दाखवते. मग इंजिन सुरू करा, हॅन्डब्रेक सोडा, ते विझले पाहिजेत. जो दिवा विझत नाही त्याच्यासाठी मिस्त्रीकडे जा. जो मुळात लागतच नाही त्याच्यासाठी पळत जा.

आमच्या गाडीत सात लागतात. बायको ते मोठ्याने मोजते, आणि सात झाल्याशिवाय ती सीटबेल्ट लावत नाही.